एकाच कामाचे तीन फोल्डर: ईमेलमधले दुबार फोल्डर कसे आवरायचे

मेल प्रोग्रामच्या डाव्या पट्टीत 'सेंट', 'सेंट आयटम्स' आणि 'सेंट मेसेजेस' असे तीन फोल्डर एकाखाली एक दिसले की त्यातले दोन उडवून टाकावेसे वाटतात. तेवढे करू नका. उडवलेला फोल्डर बहुतेक वेळा पुन्हा उगवतो आणि त्याच्यातले जुने मेल मात्र गेलेले असतात. तो फोल्डर कोणीतरी तयार करत असते: मोबाइलवरचे ॲप, कामाच्या ठिकाणचा संगणक किंवा कधीकाळी खाते जोडून विसरलेला टॅब्लेट. आधी त्या उपकरणाचे सेटिंग बदलायचे, मग मेल एका जागी आणायचे आणि रिकामा झालेला फोल्डर सगळ्यात शेवटी डिलीट करायचा. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत वाया जाते.

हे होते कशामुळे

आयमॅप पद्धतीत फोल्डर सर्व्हरवर असतात आणि तुमची उपकरणे ते फक्त दाखवतात. या पद्धतीच्या मूळ नियमांत नाव राखीव आहे ते एकाच फोल्डरचे, इनबॉक्सचे. पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची, डिलीट केलेला मेल कुठे टाकायचा, हे ज्याने-त्याने ठरवायचे होते आणि ज्याने-त्याने ते वेगवेगळे ठरवले. मेल प्रोग्रामांपैकी थंडरबर्डने 'सेंट' आणि 'ट्रॅश' ही नावे घेतली, आउटलुकने 'सेंट आयटम्स', 'डिलीटेड आयटम्स' आणि 'जंक ईमेल', तर ॲपल मेलने 'सेंट मेसेजेस' आणि 'डिलीटेड मेसेजेस'. एकाच खात्याला तिन्ही जोडले की सर्व्हरवर तिन्ही संच तयार.

२०११ मध्ये आरएफसी ६१५४ या मानकाने यावर तोडगा काढला. नाव काहीही असो, हा फोल्डर सेंटचा, हा ट्रॅशचा, हा ड्राफ्टचा, अशी खूण सर्व्हर स्वतःच फोल्डरवर लावू शकतो. आजचे बहुतेक सर्व्हर आणि प्रोग्राम ही खूण मानतात. पण जुने खाते, जुना सर्व्हर किंवा दहा वर्षांपूर्वीचे सेटिंग पुढे घेऊन आलेला प्रोग्राम यांपैकी एक जरी साखळीत असला, तरी जुना गोंधळ चालूच राहतो.

दुसरे कारण पाथ प्रीफिक्सचे, म्हणजे फोल्डरच्या नावाआधी लागणाऱ्या मार्गाचे. काही सर्व्हर सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात ठेवतात. ज्या प्रोग्रामला हे माहीत असते तो फोल्डर इनबॉक्सच्या बरोबरीने दाखवतो. ज्याला माहीत नसते तो तेच फोल्डर इनबॉक्सखाली दाखवतो. कधी कधी इनबॉक्सच्या आत आणखी एक 'इनबॉक्स' तयार झालेला दिसतो. हे प्रीफिक्स दोनदा लागल्याचे लक्षण आहे.

तिसरे कारण भाषेचे. खाते पहिल्यांदा उघडताना जी भाषा निवडलेली असते, तिच्यात काही सेवा मुख्य फोल्डरची नावे ठेवतात. मग दुसऱ्या भाषेतला प्रोग्राम आपल्या नावाचा फोल्डर शोधतो, तो सापडला नाही की नवा करतो. आउटलुकच्या वेब आवृत्तीत भाषा आणि वेळेच्या सेटिंगमध्ये मुख्य फोल्डरची नावे निवडलेल्या भाषेनुसार बदलण्याचा पर्याय असतो. क्लासिक आउटलुकमध्ये, म्हणजे संगणकावरच्या जुन्या आउटलुकमध्ये, 'रीसेटफोल्डरनेम्स' हा स्विच (सुरू करण्याच्या आज्ञेला जोडायचा शब्द) देऊन प्रोग्राम सुरू केला की तेच काम होते.

खरेच दुबार आहेत का, हे आधी तपासा

ब्राउझरमध्ये वेबमेल, म्हणजे मेल सेवेचे संकेतस्थळ, उघडा. सर्व्हरवर काय आहे ते तिथे दिसते, बाकी सगळी प्रतिबिंबे. वेबमेलमध्ये एकच सेंट असेल आणि प्रोग्राममध्ये दोन, तर सर्व्हरवर काहीही डिलीट करायची गरज नाही. घोळ त्या एका प्रोग्रामपुरता आहे.

थंडरबर्डमध्ये हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे फोल्डर दाखवण्याच्या पद्धती. 'ऑल फोल्डर्स' आणि 'युनिफाइड फोल्डर्स' या दोन्ही एकाच वेळी चालू असल्या की प्रत्येक इनबॉक्स आणि सेंट दोन ठिकाणी दिसतो. मेल एकच असतो, दारे दोन. 'युनिफाइड'मधून मेल डिलीट केला तर तो मूळ फोल्डरमधूनही जातो, हे ठाऊक नसलेले लोक इथेच 'दुबार' मेल पुसून पस्तावतात. व्ह्यू मेनूतल्या फोल्डर्समध्ये जाऊन नको ती पद्धत बंद करा, प्रश्न मिटला.

थंडरबर्डमधला 'लोकल फोल्डर्स' हा गट किंवा आउटलुकमधले 'धिस कम्प्युटर ओन्ली' असे लिहिलेले फोल्डर सर्व्हरवर नसतातच. ते फक्त त्या संगणकावर असतात. म्हणजे त्यात जे आहे त्याची दुसरी प्रत कुठेच नसण्याची शक्यता आहे. हे फोल्डर दुबार समजून सहज उडवू नका.

जीमेलचे प्रकरण वेगळे आहे, ते पुढे स्वतंत्र घेतले आहे.

कोणते उपकरण कुठे टाकते

कागद घ्या. खाते जोडलेल्या प्रत्येक उपकरणावरून स्वतःलाच एक मेल पाठवा आणि विषयात त्या उपकरणाचे नाव लिहा: 'चाचणी मोबाइल', 'चाचणी लॅपटॉप'. त्याच उपकरणावरून एक मसुदा अर्धवट लिहून ठेवा, एक बिनकामाचा मेल डिलीट करा, एक जंक म्हणून टाका आणि एक आर्काइव्ह करा. मग वेबमेलमध्ये जाऊन कोणता मेल कोणत्या फोल्डरमध्ये पडला ते लिहून काढा. मेल वेबमेलमध्ये कुठेच सापडला नाही, तर ते उपकरण प्रत स्वतःच्याच साठ्यात ठेवते आहे, तेही टिपा.

या अर्ध्या तासाच्या कामात दोषी उपकरण नावानिशी समोर येते. ते टाळून अंदाजाने सेटिंग बदलत बसलात तर संध्याकाळ जाते.

मग प्रत्येक कामासाठी एकच फोल्डर ठरवा. जास्त मेल कशात आहेत हे पाहून ठरवू नका. वेबमेल स्वतः ज्यात पाठवलेले मेल ठेवते तो फोल्डर निवडा, कारण बहुतेक वेळा सर्व्हरची खूण त्याच्यावर असते. वेबमेलमध्ये अशा फोल्डरला साधारणपणे वेगळे चिन्ह असते, विमान किंवा कचरापेटी, आणि बाकीच्यांना साधे फोल्डरचे चिन्ह.

बॅकअप

सर्व्हरवरचा मेल प्रोग्राममध्ये दिसतो म्हणून तो बॅकअप होत नाही. सर्व्हरवर पुसला की पुढच्या सिंकमध्ये इथूनही जातो.

थंडरबर्डमध्ये सिंक्रोनायझेशनच्या पानावर मेल संगणकावर ठेवण्याचा पर्याय चालू आहे का ते पाहा. बंद असेल तर प्रोफाइलमध्ये, म्हणजे थंडरबर्ड आपला सगळा डेटा ठेवतो त्या फोल्डरमध्ये, फक्त मथळे असतात आणि त्याची कॉपी निरुपयोगी ठरते. मेल पूर्ण उतरल्यावर प्रोग्राम बंद करून सगळा प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. प्रोफाइलची जागा हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग माहितीत सापडते. आउटलुकमध्ये इम्पोर्ट-एक्स्पोर्टमधून डेटा फाइल काढा आणि 'सबफोल्डर्स' ची खूण केली आहे ना ते पाहा. ॲपल मेलमध्ये मेलबॉक्स मेनूत एक्स्पोर्ट आहे. जीमेलसाठी गूगल टेकआउट ही डेटा उतरवून घेण्याची सेवा.

बॅकअपमधले दोन-चार जुने मेल जोडलेल्या फाइलींसकट उघडून बघा, मगच पुढे जा.

सेटिंग बदलणे

थंडरबर्डमध्ये हे तीन-चार पानांवर विखुरलेले आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' या पानावर सेंट, ड्राफ्ट, टेम्प्लेट आणि आर्काइव्ह कुठे ठेवायचे ते ठरते. प्रत्येकापुढे 'अदर' हा पर्याय निवडून नेमका फोल्डर दाखवा. ट्रॅश मात्र इथे नाही. तो 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये, मेल डिलीट केल्यावर काय करायचे या प्रश्नाखाली आहे. जंकचे पान आणखी वेगळे. एक पान राहिले की तेवढा एक फोल्डर परत येतो. बदल झाल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

प्रीफिक्सचा घोळ असेल तर 'सर्व्हर सेटिंग्ज'मधल्या 'ॲडव्हान्स्ड' बटणाखाली 'आयमॅप सर्व्हर डिरेक्टरी' हा रकाना आहे. फोल्डर इनबॉक्सच्या पोटात ठेवणाऱ्या सर्व्हरसाठी तिथे इनबॉक्स हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लिहितात. आउटलुकमध्ये याच रकान्याला 'रूट फोल्डर पाथ' म्हणतात आणि ॲपल मेलमध्ये 'आयमॅप पाथ प्रीफिक्स'. सर्व्हरला त्याची गरज नसताना काही भरून ठेवले असेल तर रकाना रिकामा करा.

आयफोनवर मेल खात्याच्या 'ॲडव्हान्स्ड' पानात 'मेलबॉक्स बिहेवियर्स' असा भाग असतो. तिथे ड्राफ्ट, सेंट, डिलीटेड आणि आर्काइव्ह यांसाठी सर्व्हरवरचा फोल्डर निवडता येतो. 'ऑन माय आयफोन' खाली खूण असेल तर पाठवलेले मेल फोनच्या बाहेर जातच नाहीत. ती काढून 'ऑन द सर्व्हर' खालचा फोल्डर निवडा. मॅकवर हवा तो फोल्डर डाव्या पट्टीत निवडून मेलबॉक्स मेनूतल्या 'यूझ धिस मेलबॉक्स ॲज'मधून त्याला सेंट, ट्रॅश वगैरे काम नेमून द्या.

क्लासिक आउटलुक इथे हट्टी आहे. २०१३ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये आयमॅप खात्यासाठी सेंट किंवा डिलीटेडचा फोल्डर हाताने निवडता येत नाही; तो सर्व्हरच्या खुणेवर चालतो. म्हणून तुमच्या उपकरणांत आउटलुक असेल तर तो ज्यात टाकतो तोच फोल्डर मुख्य धरा आणि बाकीच्यांना त्याच्याकडे वळवा. उलटा प्रयत्न करू नका.

आता चाचणीचे मेल पुन्हा पाठवा. सगळ्या उपकरणांचे मेल एकाच फोल्डरमध्ये पडेपर्यंत पुढची पायरी नाही.

मेल एका जागी आणणे

फोल्डर ओढून दुसऱ्यावर टाकला की दोन्ही एक होत नाहीत. तो सबफोल्डर बनून आत जाऊन बसतो. आत जाऊन मेल निवडायचे आणि हलवायचे.

एका वेळी ५०० ते १००० मेल पुरे. कारण असे: आयमॅपच्या मूळ नियमांत 'हलवा' अशी आज्ञाच नव्हती. प्रोग्राम मेलची प्रत करतो, मग मूळ मेलवर डिलीटची खूण लावतो, मग तो पुसतो. मध्येच नेट गेले तर प्रत झालेली असते आणि मूळ तसाच राहतो. पुन्हा हलवले की त्याच मेलची दुसरी प्रत. दुबार फोल्डर आवरताना दुबार मेल तयार होतात ते असे. २०१३ च्या आरएफसी ६८५१ ने हलवण्याची स्वतंत्र आज्ञा आणली, पण ती सर्व्हर आणि प्रोग्राम दोघांना यावी लागते. वेबमेलमधून हलवले तर ही भीती कमी, कारण काम सर्व्हरच्या आतच होते. मोठा साठा असेल तर वेबमेलच बरे.

खात्याची जागा जवळजवळ भरलेली असेल तर आधी ट्रॅश आणि जंक रिकामे करा. प्रत होताना तेवढा भाग काही काळ दोनदा मोजला जातो आणि कोटा संपला की हलवणे अर्ध्यावर थांबते.

प्रत्येक हप्त्यानंतर आकडा जुळवा. आधी मुख्य फोल्डरमध्ये ३,२०० मेल होते आणि ५०० हलवले, तर ३,७०० दिसले पाहिजेत. आउटलुकमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये एकूण मेलची संख्या दाखवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर फक्त न वाचलेल्यांचा आकडा दिसतो. शिवाय एक्सचेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरच्या खात्यात आउटलुक ठरावीक काळापुरतेच मेल संगणकावर ठेवतो. सेटिंगमधली त्या काळाची सरकपट्टी एक वर्षावर असेल तर त्याआधीचे मेल यादीत नसतात आणि फोल्डर रिकामा झाल्यासारखा वाटतो. आकडा वेबमेलमधलाच खरा.

सबफोल्डर विसरू नका. त्यांची मोजणी वेगळी असते आणि वरचा फोल्डर डिलीट केला की ते मुकाट्याने त्याच्याबरोबर जातात.

दुबार मेल काढणे

हे काम मेल एकत्र आणल्यानंतर, आधी नाही.

प्रत्येक मेलच्या मथळ्यात, म्हणजे हेडरमध्ये, 'मेसेज आयडी' नावाची ओळ असते. पाठवणारा प्रोग्राम किंवा सर्व्हर ती घालतो आणि ती प्रत्येक मेलसाठी वेगळी असते. एकाच फोल्डरमधल्या दोन मेलचा आयडी, तारीख आणि आकार जुळला तर ते बहुतेक दुबारच. थंडरबर्डसाठी 'रिमूव्ह डुप्लिकेट मेसेजेस' या नावाची ॲडऑन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, मिळतात. त्यात कशाकशाची तुलना करायची ते ठरवता येते. आयडीबरोबर तारीख, विषय आणि आकारही निवडा. सापडलेले मेल थेट न पुसता वेगळ्या फोल्डरमध्ये हलवण्याचा पर्याय असेल तर तोच घ्या.

शोध एका वेळी एकाच फोल्डरपुरता ठेवा. तुम्ही स्वतःलाच प्रत पाठवलेला मेल सेंटमध्येही असतो आणि इनबॉक्समध्येही, आयडी तोच. दोन फोल्डर मिळून शोधले की ॲडऑन त्यातला एक दुबार ठरवते.

आउटलुकमधल्या 'क्लीन अप' या बटणाचे नाव फसवे आहे. ज्या मेलचा सगळा मजकूर पुढच्या उत्तरात आलेला आहे, ते जुने मेल ते काढते. दुबार मेल शोधण्यासाठी ते बनवलेलेच नाही. पत्रव्यवहारातला प्रत्येक मेल पुरावा म्हणून ठेवायचा असेल तर त्याला हात लावू नका. डेटा फाइल आत घेताना मात्र आउटलुक विचारतो की दुबार वस्तूंचे काय करायचे. तिथे 'डू नॉट इम्पोर्ट डुप्लिकेट्स' निवडले की पुढचा त्रास बराच वाचतो.

मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणाऱ्या पॉप पद्धतीचे खाते असेल तर इनबॉक्समध्ये शेकडो मेल एकदम दुबार येण्याचे कारण वेगळे असते. मेल सर्व्हरवर ठेवायचे सेटिंग चालू असताना, कोणते मेल उतरवून झाले याची नोंद प्रोग्राम एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल बिघडली किंवा खाते नव्याने जोडले की सगळे मेल पुन्हा उतरतात.

जीमेल

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबले असतात. एका मेलला तीन लेबले असली तर मेल प्रोग्राममध्ये तो तीन फोल्डरमध्ये दिसतो आणि चौथ्यांदा 'ऑल मेल'मध्ये. हे दुबार नाहीत. अशा खात्यावर दुबार शोधणारे ॲडऑन सगळ्या फोल्डरवर चालवले तर ते एकमेव मेल ट्रॅशमध्ये टाकू शकते आणि ट्रॅशमधले मेल जीमेल ३० दिवसांनी कायमचे पुसते.

डाव्या पट्टीत 'सेंट मेसेजेस', 'डिलीटेड मेसेजेस' किंवा चौकटी कंसात आयमॅप लिहिलेली लेबले दिसली, तर ती बाहेरच्या प्रोग्रामने केलेली आहेत. ती काढणे सोपे आहे. लेबल उघडा, वरच्या चौकोनात टिक करा. पानावरचेच मेल निवडले जातात, म्हणून वर येणारा 'सगळी संभाषणे निवडा' हा दुवा दाबा. गरज असेल तर त्यांना हवे ते लेबल द्या, मग जुने लेबल काढून टाका. लेबल पुसल्याने मेल पुसला जात नाही, तो 'ऑल मेल'मध्ये राहतो. म्हणून 'डिलीटेड मेसेजेस'मधला खरा कचरा लेबल काढण्याआधीच ट्रॅशमध्ये टाका, नाहीतर तो कायमचा जागा अडवून बसेल.

पाठवलेला प्रत्येक मेल दोनदा दिसत असेल तर जीमेलचा सर्व्हर प्रत स्वतः ठेवतो आहे आणि तुमचा प्रोग्रामही ठेवतो आहे. प्रोग्राममधली प्रत ठेवण्याची खूण काढा. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबलांच्या यादीत प्रत्येकासमोर 'शो इन आयमॅप' ची खूण असते. नको असलेले लेबल तिथे बंद केले की ते प्रोग्राममध्ये दिसायचे थांबते, जीमेलमध्ये मात्र राहते.

फोल्डर डिलीट करणे

आधी मेलचे नियम तपासा. 'अमक्याचे मेल तमक्या फोल्डरमध्ये' असा नियम जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर फोल्डर गेल्यावर तो बंद पडतो किंवा चूक दाखवत राहतो.

रिकामा फोल्डर वेबमेलमधून डिलीट करा. थंडरबर्डमधून केला तर तो ट्रॅशच्या आत सबफोल्डर होऊन बसतो आणि ट्रॅश रिकामे केल्यावरच जातो. सर्व्हरवरून गेलेला फोल्डर प्रोग्राममध्ये फिकट अक्षरांत दिसत राहिला तर 'सबस्क्राइब'च्या यादीतून त्याची टिक काढा. फोल्डरची यादी उलटीपालटी वाटली तर प्रॉपर्टीजमधले 'रिपेअर फोल्डर' वापरा. त्याने मेलची सूची नव्याने बनते. डिस्कवरची जागा हवी असेल तर 'कॉम्पॅक्ट' करावे लागते, कारण पुसलेले मेल तोवर फाइलमध्ये नुसते खूण लावून पडलेले असतात.

देवनागरी नावांच्या फोल्डरबद्दल एक अडचण वेगळी आहे. दोन फोल्डर डोळ्यांना हुबेहूब सारखे, तरी सर्व्हरला वेगळे असू शकतात. एकाच्या शेवटी मोकळी जागा असेल, एकात जोडाक्षरासाठी न दिसणारे जोडचिन्ह आले असेल, किंवा 'ऱ' हे अक्षर एकीकडे सलग आणि दुसरीकडे 'र' खाली नुक्ता देऊन टाइप झाले असेल. वेगवेगळ्या कीबोर्डवरून नाव लिहिले की हे होते. अशा वेळी एकाचे नाव आधी तात्पुरते 'जुना १' असे करून टाका, म्हणजे हलवताना गफलत होणार नाही. नावाच्या जागी & ने सुरू होणारी अगम्य रोमन अक्षरे दिसली तरी घाबरू नका. आयमॅपमध्ये रोमनेतर नावे अशाच सांकेतिक रूपात साठवली जातात आणि तो प्रोग्राम ती उलगडत नाहीये, इतकेच.

तरीही परत आला तर

फोल्डर परत उगवला की त्यातला पहिला मेल उघडून तो केव्हाचा आहे, कशातून पाठवला ते पाहा. मथळ्यात 'यूझर एजंट' किंवा 'एक्स मेलर' अशी ओळ असेल तर प्रोग्रामचे नाव तिथेच लिहिलेले असते. फोल्डर रिकामाच परत येत असेल तर खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा आणि ओळखू न येणारी काढून टाका. जुन्या प्रोग्रामसाठी दिलेले ॲप पासवर्डही रद्द करा. मग वापरातल्या उपकरणांवर एकेक करून पुन्हा प्रवेश करा आणि प्रत्येकानंतर वेबमेल ताजे करा. ज्या उपकरणानंतर फोल्डर दिसला, त्याच्यावरून खाते पूर्ण काढून नव्याने जोडा, कारण खाते जसेच्या तसे ठेवून तिथली जुनी नेमणूक नेहमीच बदलता येते असे नाही.